बेळगुंदीचे सवाई गुजराती

येळ्ळूरहून बेळगुंदीला जायचे तर बेळगाव शहर ओलांडून पश्चिमेच्या अंगाला जावे लागते. आमचा येळ्ळूरगड पाठीमागे राहतो, शहराची गर्दी संपते आणि मग पुन्हा भाताची शिवारे लागतात. दोन्ही गावे बेळगाव तालुक्यातली आणि मराठी बोलणारी. कामानिमित्त मी बेळगुंदीला तीन-चार वेळा गेलो असेन. एकदा गाडीत माझ्याबरोबर विजापूरकडचे एक सहकारी होते. त्यांना मी मोठ्या अभिमानाने सांगितले की हे काका कालेलकरांचे गाव. त्यांनी साधा प्रश्न विचारला, ते तर गुजराती लेखक ना? त्यांच्या मुलाच्या शाळेच्या हिंदी पुस्तकात कालेलकरांचा धडा होता आणि खाली गुजराती साहित्यिक अशी ओळख दिली होती. मी हो म्हणालो, आणि तेही खरे होते. बेळगुंदीचा मराठी मुलगा गुजराती साहित्यिक कसा झाला, हे मला तेव्हा नीट सांगता आले नाही. पुढे वाचत गेलो. या वर्षी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा मंडळाच्या कार्यवाहांचा निरोप आला, तेव्हा दुसरा विषय सुचलाच नाही.

आधीच सांगतो, मी भाषेचा अभ्यासक नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेला माणूस आहे. पण बदल्यांमुळे भाषा शिकणे आणि न शिकणे या दोन्हींचा अनुभव घरात आणि टेबलावर भरपूर घेतला आहे. आपल्या मंडळातली बहुतेक घरे तीन-तीन पिढ्या इथे राहिलेली. तुम्हांला हा विषय नवा नाही.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्याला झाला. आडनाव आले ते सावंतवाडीजवळच्या कालेली गावावरून. बेळगुंदी हे कुटुंबाचे पुढचे गाव, जिथे सुटीत परतायचे ते. वडील सरकारी हिशेबखात्यात नोकरीला, म्हणजे बदली ही घरातली नेहमीची गोष्ट. सातारा, कारवार, धारवाड, बेळगाव, आणि मधूनमधून सावनूर, जत अशा संस्थानांतले मुक्काम. दत्तू हे घरातले शेंडेफळ. बैलगाडीतून सामान हलवायचे, नव्या गावात नवे शेजारी, नवी शाळा, आणि जरा रुळतो आहे तोवर पुन्हा निघायचे. ज्यांचे वडील सरकारी नोकरीत होते त्यांना हे बालपण वेगळे समजावून सांगायला नको.

या मुलाच्या कानावर काय काय पडत असेल ते बघा. घरात मराठी. कारवारला कोकणी आणि कन्नड. धारवाड-सावनूरकडे कन्नड, त्यातही सावनूर नवाबाचे संस्थान, तेव्हा उर्दूही. लहान मूल भाषा ओली माती पाणी पिते तशी पिते असे आपण म्हणतो. अभ्यासक तर सांगतात की पहिल्या काही महिन्यांत बाळाला जगातल्या कुठल्याही भाषेतले बारीक ध्वनिभेद कळतात, आणि वर्षाच्या आसपास त्याचा कान घरातल्या भाषेला जुळून बाकीचे भेद सोडून देऊ लागतो. त्या हिशेबाने कालेलकर कन्नडचे मोठे लेखक व्हायला हवे होते. तसे झाले नाही. कन्नड ही त्यांच्या लेखनाची भाषा कधीच झाली नाही. जी भाषा लहानपणी कानावरही नव्हती, त्या गुजरातीत मात्र त्यांचे नाव झाले.

इथे मला दुसऱ्या एका दत्तात्रेयाची आठवण येते. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, कन्नडचे महाकवी, जन्म १८९६, धारवाडचा. घरची भाषा मराठी. पण हा मुलगा धारवाडातच वाढला. गल्ली, शाळा, सोबती, देवळातले सण, बायकांची गाणी, भांडणे, सगळे कन्नडमधून. हे मूल एका गल्लीत मुरले आणि त्याचे फळ १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्कारापर्यंत गेले. कालेलकरांच्या वाट्याला अशी एक गल्ली आलीच नाही. भाषा नुसती कानावर पडून भागत नाही, तिच्यात भांडायला आणि चिडवायला कोणीतरी कायमचे लागते. हा माझा तर्क आहे, आणि तो माझ्याच घरात तपासलेला आहे.

माझी बदली या बाजूला झाली तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. येळ्ळूरच्या अंगणातून एकदम सरकारी क्वार्टर्समध्ये. शेजारी सगळे कन्नड. पहिले दोन महिने ती खाली खेळायला गेली की गप्प उभी राहायची, घरी येऊन रडायची. सौभाग्यवती म्हणू लागल्या की पोरीला आजीकडे ठेवून येऊ. मग कधीतरी ती बोलू लागली, आणि दिवाळीपर्यंत लगोरीत चिडीचा डाव झाला की खालून तिचाच आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येऊ लागला. तिला कोणी एक शब्द शिकवला नव्हता.

माझे काय झाले? दहावीपर्यंत शाळेत कन्नड होते, गुणही बरे पडले होते. फाईल वाचता येई, शेरा लिहिता येई. पण कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन आहेत, आणि आपल्या मराठी कानाला तो फरक ऐकूच येत नाही. अर्ज द्या म्हणताना कोडि या शब्दातला ओ आखूड हवा. तो मी लांबवत असे. लांबवला की त्याचा अर्थ तळ्याचा सांडवा. किती वर्षे मी टेबलासमोर येणाऱ्या माणसांकडे अर्जाचा सांडवा मागत होतो, देव जाणे. मुलीनेच एकदा हसत हसत पकडले. मी तिला विचारले, फरक कसा ओळखायचा? तिला ते सांगता येईना. ती नुसती दोन्ही शब्द म्हणून दाखवी आणि माझे ऐकून पुन्हा हसे. नियम मी सांगू शकत होतो, पुस्तकात वाचला होता. कान तिच्याकडे होता.

तर कालेलकरांकडे वळू. १९०३ साली मॅट्रिक झाल्यावर ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले आणि १९०७ साली तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाले. वंगभंगानंतरचे दिवस ते. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण यांनी तरुण भारावलेले. कायद्याचा अभ्यास त्यांनी सुरू केला आणि सोडला. १९०८ साली ते बेळगावच्या गणेश विद्यालयात, म्हणजे राष्ट्रीय शाळेत, शिक्षक म्हणून आले. गणपतीच्या स्मरणिकेत हे नाव आपोआप आले याचा मला आनंद आहे. पुढे काही काळ त्यांनी मुंबईच्या राष्ट्रमत या मराठी दैनिकात काम केले. तिथेच स्वामी आनंद यांचा सहवास लाभला. स्वामी आनंद हे काठेवाडचे गुजराती, पण मराठी अगदी घरच्यासारखी बोलणारे. पुढे तेही गुजरातीतले थोर गद्यलेखक झाले. एक गुजराती मराठीत रुळलेला आणि एक मराठी अजून गुजरातीच्या उंबऱ्यावर, अशी ही जोडी.

राष्ट्रमत बंद पडल्यावर, १९१० साली, कालेलकर बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात गेले. वय चोविसाच्या पुढे. बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांनी चालवलेली ही राष्ट्रीय शाळा. शाळा म्हणजे घर, म्हणून शिक्षकांना नात्याने हाक मारायची असा तिथला रिवाज होता. कालेलकर झाले काका, विठ्ठल लक्ष्मण फडके झाले मामा. मामा फडके पुढे गोध्र्याला हरिजन मुलांच्या आश्रमात राहिले आणि मामासाहेब म्हणूनच गुजरातला माहीत झाले. काकांचे काका हे नाव असे शाळेतल्या पोरांनी दिलेले आहे, आणि ते सत्तर वर्षे टिकले.

पण बडोद्यात मराठी माणसाला गुजराती शिकण्याची निकड नव्हती. राजा गायकवाड, वाड्यात मराठी, दरबारात मराठी, पेठांतून मराठी घरे. आपल्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मंडळी. तिथे माणूस बाजारापुरते गुजराती बोलून जन्म काढू शकत असे. सरकारच्या रोषामुळे गंगनाथ विद्यालय १९१२ साली बंद झाले. शाळा गेली, पगार गेला, आणि काका हिमालयाकडे निघाले, पायी. बरोबर स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर. त्या वाटेवर साधूंशी, हमालांशी, धर्मशाळेच्या माणसांशी बोलायची ती हिंदी. पुढे १९१४-१५ च्या सुमारास ते रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात होते. तिथे बंगाली कानावर पडली, आणि ती इतकी रुजली की उतारवयात रवींद्रनाथांच्या कवितेवर त्यांनी मराठीत पुस्तकांमागून पुस्तके लिहिली.

शांतिनिकेतनातच १९१५ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून आलेले गांधीजी त्यांना भेटले. त्या भेटीने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. अहमदाबादला आश्रम निघाला, आधी कोचरबला आणि मग १९१७ साली साबरमतीच्या काठी. आश्रमाच्या राष्ट्रीय शाळेत काका शिक्षक झाले. किशोरलाल मशरूवाला, नरहरी परीख हे सहकारी. आपले विनोबाही तिथेच.

आता इथे जरा थांबून विचार करा. या लोकांचा राष्ट्रीय शिक्षणाचा पहिला सिद्धांत काय होता? मुलाला त्याच्या मातृभाषेतून शिकवायचे, परक्या भाषेचे ओझे त्याच्या डोक्यावर ठेवायचे नाही. आश्रमातली बहुतेक मुले गुजराती. शिक्षक बेळगुंदीचा. सिद्धांत खरा मानायचा तर भाषा बदलायची कोणी? मुलांनी की मास्तरांनी? काकांनी स्वतःची बदलली. एकतीस-बत्तीस वर्षांचा, बी.ए. झालेला, मराठीत लिहू शकणारा माणूस पोरांच्या भाषेत बोलू लागला, चुकू लागला आणि रोज पोरांसमोर उभा राहिला. मोठेपणी भाषा शिकताना खरी अडचण जिभेची नसते, लाजेची असते. आपण आपल्या भाषेत शहाणे असतो, दुसऱ्याच्या भाषेत एकदम चार वर्षांचे होतो. माझ्या खात्यातले कितीतरी हुशार लोक याच लाजेपायी पंचवीस वर्षे तीनच वाक्ये बोलत निवृत्त झालेले मी पाहिले आहेत.

गुजराती आपल्याला सोपी वाटते, आणि तिथेच फसगत असते. लिपी थोडी वेगळी, शिरोरेघ नाही. लिंगे आपल्यासारखीच तीन. अर्धे शब्द ओळखीचे. पण नवरो म्हणजे गुजरातीत रिकामा, फुरसत असलेला. एखाद्या गुजराती तरुणाने आपण नवरा आहोत असे सांगितले तर त्याच्या लग्नाची चौकशी करायची नसते, त्याला वेळ आहे एवढेच समजायचे. काल हा शब्द गेलेल्या दिवसाला आणि येणाऱ्या दिवसालाही चालतो. दूरची भाषा शिकताना माणूस सावध असतो. शेजारची भाषा शिकताना तो आपलेच नाणे तिच्या बाजारात खपवायला बघतो. काकांनी तसे केले असते तर त्यांची गुजराती मराठीचा वास येणारी झाली असती, आणि गुजराती माणसाने ती कौतुकाने, पण हसून वाचली असती.

झाले उलटेच. हिमालयाच्या पायी प्रवासाच्या आठवणी त्यांनी आश्रमातल्या मुलांच्या हस्तलिखितासाठी गुजरातीत लिहायला घेतल्या. वाचक कोण, तर वर्गातली मुले. हिमालयनो प्रवास हे पुस्तक १९२४ साली निघाले आणि गुजरातीतले प्रवासवर्णन म्हणजे ते, असे मानले जाऊ लागले. त्या वेळी काका अडतीस वर्षांचे होते. त्याच सुमारास सरकारविरोधी लेखनासाठी त्यांना साबरमती तुरुंगात ठेवले होते. कोठडीतल्या मुंग्या, खारी, कावळे, मांजरे हेच सोबती. त्यांच्यावरच त्यांनी एक लहानसे, गोड पुस्तक लिहिले, ओतराती दीवालो, म्हणजे उत्तरेकडच्या भिंती. मोठी वाक्ये नाहीत, अवघड शब्द नाहीत. मुलांशी बोलता बोलता शिकलेल्या भाषेचा हा गुण असावा. जे वर्गात कळत नाही ते लिहायचे नाही, अशी ती शिस्त दिसते.

गांधीजींनी त्यांना सवाई गुजराती म्हटले. सवाई म्हणजे सव्वा पट. सवाई गंधर्व म्हणतो आपण, त्यातला सवाई. पूर्ण एक गुजराती आणि वर पाव. तो पाव कुठला? माझ्या मते तो पाव मराठीचा होता. बाहेरून आलेल्या माणसाला जे दिसते ते घरच्याला दिसत नाही, आणि याचा पुरावा त्यांच्या पुढच्या कामात आहे.

त्या काळी गुजराती लिहिण्याला एकच एक पद्धत नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरे, अनुस्वार यांत एकच शब्द चार लेखक चार तऱ्हांनी लिहीत. जन्मापासून गुजराती बोलणाऱ्याला त्याचे फारसे काही वाटत नव्हते. शब्द तर कळतो ना, मग झाले. गांधीजींना मात्र ते खुपत होते. मराठी, बंगाली, तमिळ या भाषांत शुद्धलेखनाची काही शिस्त आहे आणि आपल्यात नाही, ही त्यांची तक्रार होती. गुजरात विद्यापीठाकडून लेखनाचा कोश करून घ्यायचे ठरले, तेव्हा हे काम ज्यांच्यावर सोपवले त्यांत पहिले नाव काका कालेलकरांचे. बरोबर महादेवभाई देसाई आणि नरहरीभाई परीख. १९२९ साली जोडणीकोश निघाला. त्रेचाळीस हजारांहून अधिक शब्द. आता यापुढे मनाला येईल तसे लिहिण्याचा अधिकार कोणालाही नाही, अशी तंबीच गांधीजींनी त्याबरोबर दिली. आज गुजराती शाळेतले मूल शब्द बरोबर की चूक ते ज्या कोशावरून ठरवते, त्याच्या मुळाशी बेळगुंदीचा एक मराठी माणूस आहे.

मला हे फार विलक्षण वाटते आणि फार साहजिकही. माझ्या मुलीला कोडिमधला फरक सांगता येत नाही, कारण तिला तो शिकावा लागला नाही. मला सांगता येतो, कारण मी त्यावर ठेचकाळलो. लहानपणी मिळालेली भाषा हातापायासारखी असते, तिच्याकडे कोणी निरखून बघत नाही. मोठेपणी मिळवलेली भाषा शब्दाशब्दाला तपासून घ्यावी लागते. उच्चारात मोठा माणूस लहान मुलाच्या मागेच राहतो, बहुधा कायमचा. पण व्याकरण, नियम, लेखन यांत तो सुरुवातीला मुलापेक्षा भरभर पुढे जाऊ शकतो. कोश करायला कान पुरत नाही, त्याला असा तपासत बसणारा माणूसच लागतो.

१९२८ ते १९३५ काका गुजरात विद्यापीठाचे कुलनायक होते. त्याच काळात चळवळी, तुरुंग, सुटका, पुन्हा तुरुंग. एकदा त्यांना ठेवले ते बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात. हिंडलगा म्हणजे बेळगुंदीच्याच वाटेवरचे. दीड-दोन तपे परप्रांतात काढल्यावर माणूस आपल्या गावाजवळ येतो तो कैदी म्हणून. या तुरुंगवासातून त्यांचे जे पुस्तक निघाले ते मराठीत आहे, नाव हिंडलग्याचा प्रसाद. योगायोग असा की नरबली या कवितेबद्दल शिक्षा होऊन कन्नडचे बेंद्रेही १९३२ च्या सुमारास याच हिंडलग्याला होते. घरी मराठी बोलणारे दोन दत्तात्रेय, दोघे फर्ग्युसनचे, एक गुजरातीचा, एक कन्नडचा.

मराठी लोकांनी काकांवर रुसावे का? तसा सूर तेव्हाही होता आणि आजही आमच्या भागात निघतो. एवढा मोठा लेखक दुसऱ्यांना देऊन टाकला, असा. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की आवाज चढतोच. आमच्या येळ्ळूरने त्यासाठी काय सोसले ते तुम्हांला ठाऊक आहे, मी सरकारी नोकर, त्यात शिरत नाही. पण यादी काढून पाहिली तर रुसायला जागा थोडी आहे. ब्रह्मदेशचा प्रवास, लोकमाता, स्मरणयात्रा, लाटांचे तांडव, रवींद्रनाथांवरची पुस्तके, हे सगळे मराठीत आहे. काही आधी गुजरातीत आणि मग मराठीत, काही थेट मराठीत. त्यांनी मराठी सोडली नाही. तिला रोज लिहिण्याचे काम मात्र कमी दिले, हेही मान्य करायला हवे.

मला सगळ्यांत जवळचे वाटते ते नद्यांवरचे लेखन. गंगा, यमुना, कृष्णा, नर्मदा यांच्यावर त्यांनी लिहिले, आणि त्या मोठ्या नद्यांच्या पंगतीत बेळगुंदीजवळून वाहणाऱ्या मार्कंडेय नदीलाही बसवले. आपली ही नदी उन्हाळ्यात पायांनी ओलांडता येईल एवढी. राकसकोपला तिच्यावर धरण आहे, तिथले पाणी बेळगाव शहर पिते. बाहेरच्या कोणाला तिचे नावही ठाऊक नसते. पण सौराष्ट्रातल्या एखाद्या गावच्या वाचकाला ते ठाऊक आहे, कारण काकांनी तिला मैत्रीण म्हणून त्याच्या भाषेत नेऊन पोचवले. बालपणीच्या आठवणींचे स्मरणयात्रा हे पुस्तकही आधी गुजरातीतच आले. साताऱ्याचे घर, कारवारचा समुद्र, बेळगुंदीचे शेत, आईचे बोलणे, सगळे मराठीत घडलेले आणि गुजरातीत सांगितलेले. लहानपण एका भाषेत आणि त्याची आठवण दुसऱ्या भाषेत, हे कसे जमत असेल याचा मी पुष्कळ विचार केला. ज्याचे मराठी बालपण आतून घट्ट होते त्यालाच ते जमले असावे. पोकळ असते तर भाषांतरात सांडून गेले असते.

पुढचे आयुष्य भराभर सांगतो. १९३५ नंतर गांधीजींच्या सांगण्यावरून ते हिंदीच्या, नंतर हिंदुस्थानीच्या प्रचारात पडले, वर्धा हे ठाणे. देवनागरी लिपी छपाईला आणि टंकलेखनाला सोपी व्हावी म्हणून अ ला इकार-उकार लावण्याची सुधारणा त्यांनी पुढे आणली. जुन्या नवजीवनच्या हिंदी पुस्तकांतून ती अजून दिसते, आणि वाचताना ठेच लागते. ती टिकली नाही. जोडणीकोश टिकला आणि लिपीसुधारणा बुडाली, यातही एक गंमत आहे. कोशाची लोकांना गरज वाटत होती, नव्या इकाराची नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६४ ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. देशाच्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष तेच, म्हणून सरकारी कागदांत कालेलकर आयोग हे नाव अजून येते. माझ्या नोकरीत मी ते नाव आधी त्या कागदावर वाचले, पुस्तकावर नंतर. १९६४ साली पद्मविभूषण, आणि १९६५ साली जीवनव्यवस्था या गुजराती पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार. गुजराती साहित्य परिषदेचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले होते.

घरचे थोडे सांगून पुरे करतो. मुलगी आता कॉलेजात आहे. कन्नड तिची पक्की, इंग्रजी चांगली, हिंदी टीव्हीवरची. तीन-चार वर्षांपूर्वी ध्यानात आले की आम्ही मराठीत बोलतो आणि ती कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत उत्तर देते. समजते सगळे, बोलत नाही. मला वाटले होते की घरात मराठी आहे म्हणजे ती आपोआप राहील. बेंद्र्यांच्या घरी राहिली, कारण घरातली माणसे तिच्यात पुष्कळ बोलत असावीत. आमच्या घरी मी संध्याकाळी सातला येतो, जेवण झाले का, अभ्यास झाला का, गॅसचे बुकिंग केले का, एवढी मराठी. एवढ्याशा पाण्यावर रोप जगत नाही. तेव्हापासून गेले तीन उन्हाळे तिला महिनाभर येळ्ळूरला आजीकडे ठेवतो. चांगळेश्वरीच्या यात्रेत चुलतभावंडांबरोबर फिरते. पहिल्या वर्षी भावंडांनी तिच्या मराठीची यथेच्छ थट्टा केली. दुसऱ्या वर्षी ती उलट उत्तरे देऊ लागली, आणि आमच्याकडे बोलतात तशी वाक्याच्या शेवटी की लावून आणि पणऐवजी खरं म्हणत परत आली. माझ्या पुण्याच्या मेहुण्यांना ही मराठी अशुद्ध वाटते. वाटू दे.

आजीच्या कपाटात स्मरणयात्राची एक जुनी मराठी प्रत होती, पाने पिवळी पडलेली. ती मुलीने या मे महिन्यात वाचायला घेतली. सावनूर-धारवाडचा भाग तिला आवडला, कारण ती गावे तिची ओळखीची. अर्धे वाचून झाले आहे, पुस्तक ती इकडे घेऊन आली आहे.

काका कालेलकर २१ ऑगस्ट १९८१ रोजी दिल्लीत गेले. पंचाण्णव वर्षांचे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात, मुंबईत, बेंद्रे गेले.